घडी सगळेच घालतात, प्रश्न उभं राहण्याचा आहे

सोलापूरची नेहमीची हातगाडी घडी होत नाही. सायकलसारखी चार मोठी चाकं, लोखंडी सांगाडा आणि वर फळ्या. तिच्यावर केळी विका, शेंगा विका नाहीतर टॉवेल विका. ती दणकट असते, खड्ड्याला भीत नाही, मोडली तर गल्लीतला कुठलाही वेल्डर तासाभरात जोडून देतो. अडचण एकच, रात्री ती ठेवायची कुठे? घर दहा बाय दहाचं, बोळ त्याहून अरुंद, रस्त्यावर साखळी लावून ठेवली तर सकाळी जागेवर असेलच याची खात्री नाही. शिवाय आषाढीला पंढरपूर, नवरात्रात तुळजापूर, मध्येच पुण्याचं एखादं प्रदर्शन, असा फिरता धंदा असेल तर हातगाडी घरी राहते आणि तिकडे जाऊन भाड्याच्या टेबलाला पैसे मोजावे लागतात.

म्हणून घडीची गाडी आणि घडीचा स्टँड. टेम्पोत, रिक्षाच्या मागे, एसटीच्या डिकीत मावेल, घरात भिंतीला टेकून उभी राहील आणि जागेवर पोचलं की दहा मिनिटांत दुकान होईल, अशी वस्तू. चादरी-टॉवेल विकणाऱ्यांना ती हवी असते, शेंगा चटणी आणि कडक भाकरी घेऊन प्रदर्शनं गाठणाऱ्या बचत गटांना हवी असते, गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर जागा मिळवणाऱ्यालाही हवी असते. अशा वस्तूंचे शोध जगभर लागलेत, त्यांचे पेटंट घेतले गेलेत आणि त्यातले निम्मेअधिक शोध सामान्य माणसाला ‘यात काय विशेष?’ असे वाटतात. विशेष काय आहे ते या लेखात बघू.

एका फॅब्रिकेशनवाल्याने या सगळ्या विषयाचं मर्म एका वाक्यात सांगितलं होतं. समोर त्याचीच बनवलेली घडीची गाडी होती. तो म्हणाला, “घडी व्हायलंय बघा झकास, पण उघडून उभं ऱ्हायना की!”

हे का होतं ते समजून घ्यायला फार गणित लागत नाही. साधं वेल्ड केलेलं टेबल घ्या. त्याचा पाय वरच्या फळीच्या तुलनेत हलू शकत नाही. आता त्या पायाला बिजागरी लावा. पायाला एका दिशेने फिरायची मुभा मिळाली, म्हणून तो घडी होतो. पण ही मुभा टेबल उघडल्यावर आपोआप संपत नाही. ज्या वाटेने पाय आत गेला त्याच वाटेने तो ग्राहकाने जरा रेलताच पुन्हा आत जायला तयार असतो. म्हणजे घडीची कोणतीही वस्तू बनवणाऱ्यापुढे एकमेकांविरुद्धची दोन कामं असतात: आधी हालचालीला वाट द्यायची आणि मग वस्तू उघडली की ती वाट बंद करायची. पहिलं काम बिजागरी करते आणि ती कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. दुसरं काम करतो तो खटका. शोध म्हणावा असं जे काही असतं ते बहुतेक वेळा या खटक्यातच असतं.

हालचालीला वाट द्यायच्या पद्धती मोजक्याच आहेत. बिजागरीने दुमडणं ही एक. एका पाइपात दुसरा पाइप सरकवणं ही दुसरी; प्रवासी बॅगेचं हँडल आणि कॅमेऱ्याचा तिपाई स्टँड तसे चालतात. यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एवढंच, की सरकत्या पाइपात आतला पाइप बाहेरच्यात किती लांब शिल्लक राहतो याकडे बघावं. पाइपच्या रुंदीच्या दोन-तीन पट तरी तो आत राहायला हवा, नाहीतर सांधा डुलतो आणि मग वाकतो. स्वस्त स्टँड इथेच लोखंड वाचवतात.

तिसरी पद्धत जास्त गमतीची आहे. नवी पेठेत दुकानं बंद व्हायच्या वेळी जे चॅनल गेट ओढून घेतात ते आठवा. तिरक्या पट्ट्या, दोन-दोन एकमेकींवर फुलीसारख्या, मध्ये रिव्हेट. गेट ओढलं की सगळ्या फुल्या एकदम पसरतात, ढकललं की एकदम मिटतात. याला कैचीची रचना म्हणतात. एक मीटर लांबीच्या दोन पट्ट्यांची एक फुली घ्या. जवळजवळ मिटलेली असताना, म्हणजे पट्ट्या उभ्या रेषेपासून फक्त १० अंश कललेल्या असताना, तिची रुंदी साधारण १७ सेंटिमीटर आणि उंची ९८ सेंटिमीटर असते. तीच फुली ४५ अंशांपर्यंत उघडली की रुंदी ७१ आणि उंचीही ७१. अशा पाच फुल्या ओळीने जोडल्या तर ८७ सेंटिमीटरचं गाठोडं उघडून साडेतीन मीटरचं होतं. आणि उघडायला पाच वेळा काही करावं लागत नाही, एक टोक ओढलं की पाचही जागच्या जागी जातात. रुंदी वाढते तशी उंची घटते, म्हणूनच चॅनल गेटमध्ये पट्ट्यांची काही टोकं उभ्या चॅनलमध्ये पक्की न करता सरकती ठेवलेली असतात. रोज हजारो वेळा बघून कुणी त्याकडे लक्ष देत नाही.

हीच कैची सपाट न ठेवता तिन्ही दिशांना पसरवली तर? स्पेनच्या एमिलिओ पेरेझ पिन्येरो या वास्तुविशारदाने १९६१ मध्ये असं एक फिरतं नाट्यगृह मांडून दाखवलं, ज्याचं छत दांड्यांच्या जुडीसारखं मिटायचं आणि उघडून मोठा मांडव व्हायचं. प्रदर्शनांत आज जो ‘पॉप-अप’ स्टँड दिसतो, छत्रीसारख्या पिशवीतून काढला की भिंतीएवढा उभा राहणारा, त्याचं नातं अमेरिकेतल्या थिओडोर झायग्लर यांना १९७६ मध्ये मिळालेल्या पेटंटशी जोडलं जातं. त्या पेटंटच्या नावातच दोन गोष्टी होत्या: रचना मिटणारी असेल आणि ती स्वतःच्या आधाराने उभी राहील. मिटणाऱ्या कैच्या त्याआधीही होत्या. उघडल्यावर स्वतःच्या आकारामुळे अडकून बसणं, बाहेरून टेकू न लागणं, हे त्यात महत्त्वाचं होतं.

कैचीचा एक दोष मात्र दुकानदार सांगत नाही. प्रत्येक रिव्हेटमध्ये थोडी फट असते. रिव्हेटपाशी पट्टीचा आधार पाच सेंटिमीटरचा आहे आणि फट अर्ध्या मिलिमीटरची आहे असं धरा. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दीड मीटर वर गेल्यावर तोच सैलपणा दीड सेंटिमीटरचा होतो. असे वीस-तीस सांधे एकापुढे एक आले की स्टँड खुळखुळतो. म्हणून स्वस्त पॉप-अप पहिल्या वर्षी देखणा असतो आणि तिसऱ्या वर्षी डुलायला लागतो. रिव्हेट झिजते, भोक लांबट होतं, आणि लांबट झालेलं भोक पुन्हा गोल होत नाही. भोकात पितळी किंवा नायलॉनची बुश, म्हणजे छोटी बांगडी, घातलेली असेल तर झिजते ती बुश, आणि ती बदलता येते.

आता खटक्याकडे वळू. चांगला खटका आणि वाईट खटका कसा ओळखायचा? माझ्या मते कसोटी एकच: वरून भार आला की खटका सुटायला बघतो की आणखी घट्ट होतो?

घरातली पोथीची ठवणी बघा. जुन्या पद्धतीची, एकाच लाकडातून कोरलेली, फुलीसारखी उघडणारी. तिला ना कडी ना खिळा. मधल्या लाकडी बोटांची ठेवण अशी असते की ठराविक कोनाच्या पुढे ती उघडूच शकत नाही. पोथी ठेवली की पोथीचं वजन ठवणीला आणखी उघडायला बघतं, म्हणजे त्या अडसरावरच दाबतं. भार जितका जास्त तितकी ती पक्की. सहज उचलता येणारा मांडणीचा स्टँड आपल्याकडे कधीचा आहे, आणि त्यातली युक्ती आजच्या कित्येक अॅल्युमिनियमच्या स्टँडपेक्षा सरस आहे.

हीच युक्ती घडीच्या व्हीलचेअरमध्ये आहे. खाणीतल्या अपघातात पाठीचा कणा मोडलेले इंजिनिअर हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मोटारीत मावणारी घडीची खुर्ची तयार केली. आसनाखाली दोन पाइपांची फुली. आसन मध्यभागी धरून वर ओढलं की दोन्ही चाकं जवळ येतात आणि खुर्ची मिटते. माणूस बसला की त्याचं वजन फुलीला खाली दाबतं, खुर्ची पसरते आणि पसरलेलीच राहते. मिटवण्याची दिशा वर, भाराची दिशा खाली. दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध ठेवल्यामुळे वेगळी कडी लागतच नाही. सिव्हिल हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आजही हीच रचना दिसेल.

जिथे भाराची दिशा अशी सोयीची मिळत नाही तिथे मध्यबिंदू ओलांडणारा खटका वापरतात. दोन पट्ट्या टोकाला टोक जोडून एक आडवा टेकू करतात. टेकू दुमडला की पाय आत जातात, सरळ झाला की पाय ताठ होतात. यातली खुबी अशी की टेकू नेमका सरळ रेषेत थांबवायचा नाही, किंचित पुढे जाऊ द्यायचा आणि तिथे अडसर द्यायचा. आपण बराच वेळ उभे असतो तेव्हा गुडघा थोडा मागे ढकलून पाय ताठ करतो आणि मग मांडीला फार ताण येत नाही, तसंच. मागून कुणी गुडघ्यावर बोट टेकवलं की माणूस कोसळतो, कारण सांधा मध्यरेषेच्या अलीकडे येतो. टेकूचंही तेच होतं. अडसर दोन-तीन मिलिमीटर चुकला आणि सांधा रेषेच्या पलीकडे जायच्याऐवजी अलीकडे थांबला, तर गाडी रिकामी असताना व्यवस्थित उभी राहते आणि माल भरल्यावर पहिल्याच धक्क्याला बसते. त्या फॅब्रिकेशनवाल्याची गाडी याच कारणाने बसत होती. वेल्डिंगच्या उष्णतेने पट्टी थोडी ओढली गेली होती.

सर्वांत साधा खटका म्हणजे स्प्रिंगचं बटण: पाइपच्या भोकातून डोकं बाहेर काढणारी गोळी, दाबली की आत जाते. सोपं आणि स्वस्त. पण सगळा भार त्या एका बारीक गोळीवर आणि भोकाच्या पातळ कडेवर येतो. पाइप १८ गेजचा असेल तर भिंत साधारण सव्वा मिलिमीटर जाड, आणि मऊ लोखंडात भोक लवकर फाटतं. टॉवेलचा स्टँड असेल तर बटण चालेल. चाकं असलेल्या, ओझं वाहणाऱ्या गाडीत मी ते घेणार नाही. आरपार जाणारा पिन, दोन्ही बाजूंनी पकडलेला, तो बरा.

भार, घडी आणि चाक या तिघांचा सर्वांत सुंदर मेळ मला लहान मुलांच्या ढकलगाडीत दिसतो. ओवेन मॅक्लारेन हे ब्रिटिश इंजिनिअर विमानक्षेत्रातले. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यांनी काम केलं होतं. नातवंडासाठी त्यांनी अॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी आखली आणि १९६५ मध्ये तिच्या पेटंटचा अर्ज केला. वजन तीन किलोच्याही आत. विमानाचं चाक उडताना पोटात शिरलं पाहिजे आणि उतरताना, धावपट्टीचा तडाखा बसत असताना, काही झालं तरी मिटता कामा नये. या अटीवर आयुष्य घालवलेल्या माणसाला बाबागाडी सुचली यात नवल नाही.

दुकानातल्या ट्रॉलीची कथा मात्र वेगळ्या वळणाने जाते. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटी इथे सिल्व्हन गोल्डमन यांची किराणा दुकानं होती. गिऱ्हाईक हातातली टोपली जड झाली की खरेदी थांबवतं, हे त्यांच्या लक्षात आलं. घडीच्या खुर्चीकडे बघून त्यांनी कल्पना केली की तिच्या पायांना चाकं लावली आणि बसायच्या जागी टोपली ठेवली तर? फ्रेड यंग या मेकॅनिकबरोबर त्यांनी ती बनवली आणि १९३७ मध्ये दुकानात आणली. सुरुवातीला कुणी हात लावेना. बाया म्हणत, बाबागाड्या ढकलून झाल्या आता पुरे. पुरुषांना ते कमीपणाचं वाटे. शेवटी गोल्डमन यांनी पैसे देऊन माणसं ठेवली, जी नुसती ट्रॉली ढकलत दुकानात हिंडायची. पेटंट १९४० मध्ये मिळालं.

या ट्रॉलीची घडी घातली जायची, टोपल्या वेगळ्या रचल्या जायच्या आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी कुणीतरी ती परत उघडून टोपल्या बसवायचं. दिवसभर हेच काम. कॅन्सस सिटीच्या ऑर्ला वॉटसन यांनी १९४६ मध्ये घडीच काढून टाकली. त्यांच्या ट्रॉलीची टोपली पुढे निमुळती आणि मागची जाळी वरच्या बाजूला बिजागरीवर टांगलेली होती. मागून दुसरी ट्रॉली ढकलली की जाळी वर उचलली जाते आणि एक ट्रॉली दुसरीच्या पोटात शिरते. जागा वाचते आणि उघडणं-मिटवणं शून्य. गोल्डमन यांनीही तशीच ट्रॉली काढली, वाद पेटला. अखेर वॉटसन यांचा हक्क मान्य झाला आणि गोल्डमन यांनी ती बनवण्याचा परवाना मिळवला. आज सोलापुरातल्या कुठल्याही मोठ्या बाजारात रांगेत एकमेकींत घुसलेल्या ट्रॉल्या दिसतात त्या या वॉटसन यांच्या. गाड्या एकाच जागी, पुष्कळ आणि एकसारख्या असतील तर घडीपेक्षा एकात एक शिरणं चांगलं. एका विक्रेत्याची एकच गाडी असेल तर मात्र घडीला पर्याय नाही.

आता चाकं. घडीच्या गाडीला लहान चाकं लावायचा मोह होतो, कारण मोठं चाक घडीत मावत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या पुष्कळ गाड्यांना दहा सेंटिमीटर व्यासाची चाकं असतात. मॉलच्या फरशीवर ती लोण्यासारखी चालतात, हे खरं. आपल्याकडे खडी उघडी पडलेली, गटाराची झाकणं वर आलेली, मैदानात फुफाटा. हिशोबच करू. चाकावर २५ किलो भार आहे आणि समोर अडीच सेंटिमीटरचा उंचवटा आला. थांबलेल्या गाडीला तो ओलांडायला किती जोर लागेल? दहा सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला एका चाकामागे साधारण ४३ किलोचा. वीस सेंटिमीटरच्या चाकाला २२ किलोचा. हातगाडीच्या सत्तर सेंटिमीटरच्या चाकाला दहा किलोचा. उंचवटा चाकाच्या त्रिज्येएवढा झाला की कितीही ढकला, चाक चढणार नाही, गाडी पुढे उलटेल. आपला हातगाडीवाला मोठं चाक का सोडत नाही याचं उत्तर या आकड्यांत आहे.

घडीच्या गाडीत यावर उपाय म्हणजे चाक काढता येणं. एका खटक्यावर आस बाहेर येते, चाक वेगळं, सांगाडा सपाट. मागे दोन मोठी आणि पुढे दोन लहान फिरती चाकं हीही चांगली तडजोड आहे. फिरत्या चाकाचा आस त्याच्या उभ्या खिळ्याच्या नेमका खाली नसतो, थोडा मागे असतो. त्यामुळे ढकलाल त्या दिशेला चाक आपोआप मागे वळून येतं. चारही चाकं फिरती असतील तर गाडी अरुंद जागेत नाचते, पण उतारावर आडवी पळते. सपाट ढकलगाडीला दोन पक्की, दोन फिरती, आणि फिरती हँडलच्या बाजूला, ही जोडणी रस्त्यावर सगळ्यांत आज्ञाधारक. ब्रेक मात्र मालाने भरलेली गाडी उतारावर उभी करून तपासा, दुकानाच्या फरशीवर नको.

चाकाकडून वाऱ्याकडे येतो, कारण मांडणीच्या स्टँडचा खरा शत्रू वारा आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी चाळीसच्या वर पारा आणि संध्याकाळी वळवाचा वारा. सगळीकडे दिसणारा स्टँड म्हणजे गुंडाळणारा, खाली पेटीतून वर ओढून काठीला अडकवायचा. त्यातलं तत्त्व नवीन नाही. नळीच्या आत स्प्रिंग आणि थांबवायला कुत्रा, म्हणजे खाचेत अडकणारी छोटी कळ, असा खिडकीच्या पडद्याचा रोलर स्ट्युअर्ट हार्ट्सहॉर्न यांनी अमेरिकेत १८६४ मध्ये पेटंट केला होता. तो उलटा करून जमिनीवर ठेवला की आजचा स्टँड झाला. सभागृहात उत्तम. मैदानात? त्याचं कापड साधारण ८५ सेंटिमीटर रुंद आणि दोन मीटर उंच, म्हणजे १.७ चौरस मीटर. ताशी २० किलोमीटर वाऱ्याचा, म्हणजे झाडाची लहान फांदी हलेल एवढ्या वाऱ्याचा, त्यावर सुमारे सव्वातीन किलोचा धक्का बसतो, आणि तो जमिनीपासून एक मीटर उंचीवर. पायाचा फाटा मध्यापासून वीस सेंटिमीटर पुढे असेल तर स्टँड उलटू नये म्हणून खाली साधारण १६ किलो वजन हवं. स्टँडचं स्वतःचं वजन तीन-चार किलो. आणि वारा दुप्पट झाला की धक्का चौपट होतो: ताशी ४० ला हेच वजन ६५ किलोवर जातं.

कंपन्या यासाठी पाण्याने भरायचा पोकळ पाया देतात. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशोब सोपा. फक्त काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात वीस लिटर स्टँडच्या पायात ओतायचं कुणाच्या जिवावर येईल. वाळूची पिशवी बरी, ती सांडत नाही आणि जाताना तिथेच रिकामी करता येते. त्याहून बरं म्हणजे कापडालाच वारा जायला झरोके ठेवणं, किंवा स्टँडवर आपलाच माल टांगणं. चादरी खालच्या दांडीवर ठेवल्या तर त्याच वजनाचं काम करतात. समजा दीड किलोची एक, अशा ४० चादरी. ६० किलो झाले. हाच माल वरच्या दांडीवर टांगला तर गुरुत्वमध्य वर जातो, चादरी स्वतःच शिडासारखा वारा धरतात आणि स्टँड आधी पडतो. जड खाली, हलकं वर, जाळीदार सर्वांत वर.

दांडीची लांबीही तपासा. एकाच जाडीची दांडी एक मीटरऐवजी दोन मीटर केली आणि तेवढंच ओझं मध्ये टांगलं तर ती दुप्पट नव्हे, आठपट वाकते. मधे एक पाय दिला की प्रश्न मिटतो. आणि जमीन ओबडधोबड असेल तर तीन पायांचा स्टँड कधीच डुगडुगत नाही. चार पायांचा डुगडुगतोच, कारण तीन टेकले की चौथा अधांतरी.

इतकं वाचून एखाद्याला स्वतःची गाडी बनवावीशी वाटेल. सोलापुरात ते अवघड नाही, अक्कलकोट रोडच्या आणि चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत पत्रा वाकवणारे, पाइप कापणारे, पावडर कोटिंग करणारे सगळे हात आहेत. मग प्रश्न येतो पेटंटचा, आणि इथे गैरसमज फार.

जुनी पेटंटं बघून बनवायला बंदी आहे का? पेटंट ज्या देशाचं त्या देशातच चालतं आणि मुदतीपुरतंच. भारतात ती मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. गोल्डमन आणि झायग्लर यांच्या काळात अमेरिकेत ती मंजुरीपासून १७ वर्षं होती, म्हणजे त्यांचे हक्क कधीच संपले. ती पेटंटं चित्रांसकट इंटरनेटवर फुकट वाचता येतात. घडीची गाडी बनवणाऱ्याला याहून चांगलं पाठ्यपुस्तक नाही; प्रत्येक खिळ्याला आकडा देऊन काय कशाला जोडलंय ते त्यात लिहिलेलं असतं. फक्त शेवटचे दावे नीट वाचावेत. हक्क दाव्यांपुरताच असतो, वरच्या लांबलचक वर्णनाला नाही.

स्वतःच्या युक्तीला पेटंट हवं असेल तर ती आधी लोकांसमोर मांडू नका. प्रदर्शनात गाडी उघडून दाखवली, व्हिडिओ टाकला, चार गाड्या विकल्या, की ती युक्ती कायद्याच्या दृष्टीने नवीन उरत नाही. केंद्र सरकारने खास अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासाठी बारा महिन्यांची सवलत आहे, पण आपल्या गावातली प्रदर्शनं त्यात बसतील असं धरून चालू नये. त्यापेक्षा आधी तात्पुरतं विवरणपत्र, म्हणजे युक्तीचं सुरुवातीचं वर्णन, दाखल करावं. महाराष्ट्रासाठी मुंबईचं पेटंट कार्यालय, अर्ज ऑनलाइन, व्यक्तीसाठी अर्जाचं मूळ शुल्क १,६०० रुपये. अर्जाची तारीख हातात आली की पूर्ण विवरण द्यायला बारा महिने मिळतात. तपासणीची विनंती मात्र वेगळी करावी लागते, तिचं शुल्क वेगळं, आणि ती केली नाही तर अर्ज तसाच पडून राहून बाद होतो. नुसता देखणेपणा, आकार, नक्षी जपायची असेल तर त्याला पेटंट लागत नाही, २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी होते. आधी दहा वर्षं आणि मग आणखी पाच.

आणि मग येतो १९७० च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमातला एफ हा भाग, ज्यावर आपल्याकडचे असे कितीतरी अर्ज अडू शकतात. त्याचा अर्थ असा: आधीच माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी आणून ठेवल्या आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत राहिली, तर तो शोध नव्हे. घडीची गाडी, तिच्यावर छत्री, छत्रीला सोलर दिवा, खाली मोबाइल चार्जर. सोयीचं आहे, विकलंही जाईल, पण छत्री सावली देते, दिवा उजेड देतो, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. यावर पेटंट मागाल तर तपासनीस हेच कलम दाखवेल.

आता तीच गाडी थोडी बदलून बघा. छत्रीचा दांडा गाडीच्या मधल्या नळीत खाली उतरतो, आणि उतरताना त्याचं टोक चारही पायांच्या टेकूंना मध्यरेषेपलीकडे ढकलतं. छत्री लावली की पाय आपोआप पक्के. छत्री काढल्याशिवाय गाडी मिटणारच नाही. वाऱ्याने छत्री कलली तर दांडा टेकूंना आणखी दाबतो. इथे छत्री फक्त सावली देत नाही, ती खटका झाली आहे, आणि दोन जुन्या वस्तू मिळून असं काही करतायत जे एकट्याने कुणीच करत नव्हती. असा दावा टिकण्याची शक्यता कितीतरी जास्त. ही कल्पना मी इथे लिहिली, त्यामुळे ती आता जशीच्या तशी कुणालाच पेटंट करता येणार नाही, हेही ओघाने आलंच. पण दांडा खाली नेमका कसा अडकवायचा, छत्री काढताना टेकू एकदम सुटून बोटं चेमटू नयेत म्हणून काय करायचं, हे मी सांगितलेलं नाही, आणि मला ते ठाऊकही नाही. ते ज्याला वेल्डिंगच्या टेबलावर सापडेल, त्याने अर्जात तेवढंच लिहावं.